दोघांपुरते टेबल

आमच्या संसारात जेवणाची दोन टेबले आहेत. एक पणजीच्या घरात आणि दुसरे मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेल्या आमच्या शिडाच्या होडीत. घरातल्या टेबलाविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. होडीतल्या टेबलाने मात्र आम्हां नवराबायकोंमध्ये चांगले सात महिने वाद घडवला. त्या वादातून मला जे उमगले ते केवळ होडीपुरते नाही, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

वाचकांपैकी फारच थोड्यांच्या घरी शिडाची होडी असेल, हे मी जाणून आहे. तेव्हा आधी तिची ओळख करून देते. यजमानांची सारी हयात बोटीवर, इंजिनखात्यात गेली. वर्षातले आठ-नऊ महिने ते समुद्रावर आणि मी, मुले नि सासूबाई घरी, असा आमचा संसार. निवृत्तीनंतर माणसे बाग लावतात, देवदर्शनाला निघतात. ह्यांनी होडी बांधायला घेतली. माझे थोरले दीर तेव्हा हयात होते. दोघा भावांनी एका मेस्तांना हाताशी धरले (आमच्या गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात), आणि चार वर्षे खपून एकतीस फुटांची होडी उभी केली. २००६ साली ती पाण्यात उतरली. बाहेरचे कवच फायबरग्लासचे आणि आतले सारे काम लाकडाचे.

चार पायऱ्या उतरून आत गेले की एक लांबोडकी खोली लागते. पायऱ्यांच्या एका बाजूस चूल नि छोटा ओटा, दुसरीकडे कपाटे. त्यापुढे दोन्ही अंगांना दोन लांब बाके आहेत. दिवसा त्यांवर बसायचे, रात्री त्यांवरच निजायचे. दोन बाकांच्या मध्ये टेबल. टेबलापलीकडे एक लहानसे दार, आणि दाराआड होडीच्या नाळेकडची चिंचोळी खोली. शिडे, दोरखंड, औषधांची पेटी सारे तिथेच असते, आणि न्हाणीही त्याच बाजूला. म्हणजे पुढे जायचे असो की मागे यायचे असो, वाट टेबलावरूनच. हे नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी हकीकत ह्या वाटेची आहे.

भावोजींची पंगत

टेबल ही भावोजींची हौस. “सहा माणसे एका पंगतीला बसली पाहिजेत,” हा त्यांचा हट्ट. सहा म्हणजे आम्ही दोघे, आमचा मुलगा नि मुलगी, भावोजी आणि जाऊबाई. जुन्या घराच्या दुरुस्तीत निघालेल्या सागवानी तुळया त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्या चिरून मेस्तांनी टेबल घडवले. १२० सेंटिमीटर लांब, ८० रुंद, इंचभर जाड. पायांसकट वजन पंचवीस किलोंच्या घरात. दोन बाकांमधले अंतर ११० सेंटिमीटर; त्यात ८० सेंटिमीटरचे टेबल मधोमध बसवल्यावर दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर उरले. बसलेल्या माणसाला ते फार सोयीचे, पण चालणाऱ्या माणसाला वाट म्हणून उरली नाही. पुढे जायचे तर बाकावर टेकून, कुल्ले सरकवत जायचे. मुले तर बाकावरून उड्या मारीतच जात.

त्या टेबलाने आम्हांला सुखाचे दिवस दाखवले, हेही सांगितले पाहिजे. नाताळच्या सुटीत वेंगुर्ल्याला जायचे, बंदरात नांगर टाकायचा, भावोजींनी बांगड्याचे तिखले करायचे, आणि सहाही जणांनी मांडीला मांडी लावून जेवायचे. रात्री त्याच टेबलावर पत्त्यांचा डाव. बाहेर काळोख, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, आणि आत कंदिलाच्या उजेडात जाऊबाईंचे हसणे. इतकी जवळीक घराच्या चार खोल्यांत कधी लाभली नाही.

पुढे दिवस पालटले. मुलगा नोकरीसाठी पुण्याला आणि तिथून कॅनडाला गेला. मुलगी लग्न होऊन वडोदऱ्याला गेली. २०२० साली भावोजी गेले. जाऊबाईंचे गुडघे धरलेले. त्यांनी पुन्हा होडीत पाऊल टाकले नाही. उरलो आम्ही दोघे. टेबल मात्र सहा जणांचेच राहिले.

वेंगुर्ल्याहून परतताना

२०२३ चा फेब्रुवारी. वेंगुर्ल्याहून आम्ही पणजीला परत निघालो होतो. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारे सुटतात आणि दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे. हे आपण शाळेत शिकतो. होडीवाल्यांचे सारे दिवसाचे वेळापत्रक त्यावर बांधलेले असते. त्या दिवशी दुपारी वायव्येचा वारा जरा जोराने आला. आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो, म्हणजे वारा नि लाट दोन्ही मागून, उजव्या अंगाने. अशा वेळी होडी एका बाजूला कलून स्थिर राहत नाही, ती पाळण्यासारखी डोलते. हे सुकाणूपाशी होते. उन्हाने डोळे जळजळू लागले म्हणून त्यांनी चष्मा मागितला आणि तो आणायला मी खाली, नाळेकडच्या खोलीत निघाले.

जाताना काही झाले नाही. येताना बाकावर न टेकता, टेबल नि बाक ह्यांच्या फटीतून आडवी होऊन सरकत होते. तेवढ्यात मोठी लाट मागून आली. धरायला हाताशी काही नव्हते. टेबल रुंद, त्याची पलीकडची कड हाताला पुरेना. मी आपटले ती टेबलाच्या कोपऱ्यावर, डाव्या कुशीत. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढून बरगडीला बारीक चीर असल्याचे सांगितले. बरगडीला प्लास्टर घालता येत नाही. विश्रांती, वेदनाशामक गोळ्या आणि दुखले तरी दीर्घ श्वास घेत राहण्याचा व्यायाम, इतकाच उपचार. दीड महिना मला कुशीवर वळता आले नाही.

ह्यांनी मला बोल लावला नाही. एका संध्याकाळी ते होडीवरून आले, खिशातून मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “अगं, ते टेबल लहान करायला हवे.”

मी म्हणाले, “अहो, मुले आली म्हणजे बसायची कुठे?”

सात महिने माझे हेच उत्तर होते. बरगडी माझी दुखावलेली, आणि टेबलाचा कैवार घेणारीही मीच! आज विचार करते तेव्हा वाटते, मला टेबलाचे काही पडलेले नव्हते. टेबल लहान केले की मुले येणार नाहीत हे आपणच कबूल केल्यासारखे होईल, अशी भीती होती. भावोजींची जागा पुसली जाईल, हीही. पण हे तेव्हा शब्दांत सांगता आले नाही. मी म्हणत राहिले, “पडले ती माझ्या धांदलीने. टेबलाचा काय दोष?”

एकदा मात्र ह्यांनी उलट विचारले, “टेबल सहा जणांचे. होडीत आपण दोघे. मग तू आपटलीस ती कोणाच्या जागेवर?” मला उत्तर सुचले नाही.

समुद्रावरचे टेबल

घरातल्या टेबलाला एकच काम असते. होडीतल्या टेबलाला तीन. त्यावर जेवायचे, त्यावर नकाशा पसरायचा, आणि होडी डोलू लागली की त्याला धरून चालायचे. ह्यातले तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. कारण जेवण तासभर लांबवता येते, तोल सावरणे लांबवता येत नाही. म्हणूनच जहाजांवर टेबले जमिनीला बोल्टांनी जखडलेली असतात आणि त्यांच्या कडेला बोटभर उंचीचा कठडा असतो, म्हणजे भांडी घसरून पडत नाहीत. ह्यांच्या बोटीवर वादळात खानसामा टेबलावरचे कापड ओले करून ठेवी. ओल्या कापडावर ताटल्या जागच्या हलत नाहीत. आमच्या होडीत मी आजही पंचा भिजवून, पिळून अंथरते.

दुसरी एक गोष्ट मला कधी सुचलीच नव्हती. चालत्या होडीत आम्ही दोघे एकत्र जेवायला बसतच नाही. एकाला वर सुकाणूपाशी थांबावेच लागते. म्हणजे समुद्रावर असताना त्या भल्यामोठ्या टेबलाशी नेहमी एकटे माणूस बसलेले असे आणि उरलेले सारे टेबल त्याची वाट अडवून उभे असे.

वादात दाखलेही निघाले. ह्यांचा आवडता दाखला ‘सुहेली’चा. एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडच्या फॅलमथ बंदरातून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. त्याची ती ‘सुहेली’ आपल्या मुंबईत, आपल्याच सुतारांनी, सागवानात बांधलेली होती. लांबी बत्तीस फूट, म्हणजे आमच्या होडीहून जेमतेम फुटाने अधिक. “एवढ्याच होडीत एक माणूस दहा महिने राहिला,” हे म्हणत, “त्याने सहा जणांची पंगत मांडली असती तर अन्नपाणी कुठे ठेवले असते?”

मीही हार मानणारी नव्हे. आमच्या गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. त्याच बेटावर तयार झालेल्या ‘तारिणी’तून सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ ह्या काळात नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या. मी म्हणाले, “तारिणीत सहा जणी राहिल्याच की!” ह्यांनी शांतपणे सांगितले, “तारिणी आपल्या होडीच्या पावणेदोनपट लांब आहे.”

गंमत अशी, की पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला तीच ‘तारिणी’ पुन्हा प्रदक्षिणेला निघाली ती केवळ दोघींना घेऊन. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ह्या दोघी २९ मे २०२५ ला मुरगाव बंदरात सुखरूप परतल्या. होडी तीच, माणसे सहाची दोन झाली. ही बातमी वाचताना ह्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. पण तोवर आमचा वाद मिटून गेला होता.

पुठ्ठ्याचे टेबल

तो मिटला पावसाळ्यात. जूनमध्ये होडी काठावर ओढून घेतात आणि टेकू देऊन उभी करतात. त्या २०२३ च्या पावसाळ्यात हे एक दिवस फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन होडीवर गेले. जुने टेबल काढून बाहेर ठेवले आणि त्याजागी पुठ्ठ्याचे टेबल उभे केले. “तुला नको वाटले तर जुनेच परत बसवू. पण आधी ह्यात वावरून बघ,” म्हणाले.

मी मोजपट्टी घेतली नाही, ताट घेतले. आमचे ताट अठ्ठावीस सेंटिमीटरचे. दोन ताटे, एक तांब्या, भाताचे पातेले, एवढे मांडून पाहिले. मग हातात पातेले घेऊन चुलीपासून नाळेपर्यंत दहा वेळा गेले नि आले. पहिला पुठ्ठा फार लहान झाला, नकाशा मावेना. दुसरा लांबीला बरा, पण त्याची कड गुडघ्याला लागे. तिसऱ्या पुठ्ठ्यावर आमचे एकमत झाले. लांबी ९०, रुंदी ४५. ते मधोमध न ठेवता डाव्या बाकाकडे सरकवायचे, त्या बाजूला दहा सेंटिमीटर पुरेत. म्हणजे उजवीकडे पंचावन्न सेंटिमीटरची सरळ वाट मिळते. उजव्या कडेला बिजागऱ्यांवर तीस सेंटिमीटरची एक फळी; एरवी ती खाली लोंबती राहील आणि होडी नांगरलेली असताना उचलली की चार माणसे खेटून जेवतील. बसलेल्या माणसाच्या गादीपासून टेबलाची उंची तीस सेंटिमीटर.

आठवडाभर पुठ्ठ्याच्या टेबलाशी वावरल्यावर एका दुपारी माझ्या लक्षात आले, की मी सरळ, पुढे तोंड करून चालते आहे. सतरा वर्षे त्या खोलीत मी आडवी होऊनच चालत आले होते. मी म्हणाले, “बोलवा मेस्तांना.”

करवत

मेस्त आले ते भावोजींबरोबर काम केलेलेच, आता केस पिकलेले. नव्या टेबलाचा पृष्ठभाग बारा मिलिमीटरच्या मरीन प्लायवूडचा करायचे ठरले. कठडा, फळीच्या कडा आणि पाया ह्यांना मात्र जुन्या टेबलाचे सागवान वापरायचे. मेस्तांनी जुने टेबल उलटे केले, आणि थांबले.

खालच्या अंगाला, कडेकडेने, पेन्सिलीच्या सहा खुणा होत्या. प्रत्येक खुणेशी एक अक्षर. भावोजींनी माणशी जागा आखताना सहाही जणांची अद्याक्षरे लिहून ठेवली होती. कोण कुठे बसणार हे त्यांनी टेबल होण्याआधीच ठरवले होते, आणि आम्ही सारे न सांगता तिथेच बसत आलो होतो. हे खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

मेस्तांनी विचारले, “बाय, हे रंधू की तसेच ठेवू?”

क्षणभर वाटले, तो तुकडा कापून घरी नेऊन ठेवावा. मग विचार आला, भावोजी असते तर काय म्हणाले असते? त्यांनी ह्याच तुळया जुन्या घरातून काढून आणल्या तेव्हा त्यांवरही त्यांच्या आजोबांच्या काळच्या खुणा असतीलच. त्यांनी रंधा मारलाच होता. मी म्हणाले, “रंधा.”

मेस्तांनी लाकडाला हात लावून नमस्कार केला आणि करवत धरली.

नव्या टेबलाची पुढची बाजू डोलकाठीखालच्या खांबाला जोडली. मागचा पाया नुसत्या तक्तपोशीवर ठेवला नाही. तो खालच्या आडव्या लाकडापर्यंत नेऊन, गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बोल्टांनी, खाली पट्ट्या देऊन आवळला. होडीतले टेबल मोडते ते ताटांच्या वजनाने नव्हे, त्यावर माणूस आदळल्याने. म्हणून मेस्तांनी स्वतः खांद्याने दोन धडका देऊन पाहिल्या. कोपरे चांगले गोल केले. कठडा तीन सेंटिमीटर उंच ठेवला, पण चारही कोपऱ्यांना मोकळा सोडला, म्हणजे शिते नि पाणी पुसून काढता येते. बिजागऱ्यांच्या कडेला कायमचा कठडा चालत नाही, फळी सपाट बसणार नाही. तिथे काढघाल करता येईल अशी पट्टी केली. कठड्याला आतून बोटे रुततील अशी खोबण मी मुद्दाम करून घेतली. सारे मिळून वजन दहा-अकरा किलो. उरलेल्या सागवानाचे मेस्तांनी आपल्या नातीसाठी अभ्यासाचे टेबल केले. त्यावर ती शाळेचा अभ्यास करते, हे मी स्वतः पाहून आले आहे.

मुले आली तेव्हा

२०२४ च्या डिसेंबरात मुले आली. कॅनडाहून मुलगा, सून नि नात. वडोदऱ्याहून मुलगी, जावई नि नातू. सारे मिळून आठ जण. म्हणजे जुने टेबल असते तरी दोघे उभेच राहिले असते! होडी आग्वादपर्यंत नेऊन आणली. मी धास्तावले होते. टेबल पाहून मुलगा काय म्हणेल? पुऱ्या, बटाट्याची भाजी नि श्रीखंडाचा डबा मी खाली मांडून ठेवला. पण खाली कोणी आलेच नाही. सगळ्यांना वर वारा हवा होता, किल्ला बघायचा होता. डबे वर गेले नि हातावर पुऱ्या घेऊन मंडळी जेवली. टेबल बदलले आहे हे मुलाच्या लक्षात आले ते संध्याकाळी, मी सांगितल्यावर. मुलगी मात्र उतरताना म्हणाली, “आई, खाली वावरायला आता बरे झाले. तू पडलीस तेव्हापासून मला घोर होता.”

परतीच्या वाटेवर चार वर्षांचा नातू पेंगू लागला. बाकांवर मोठी माणसे, पिशव्या, ओले टॉवेल. मी टेबलाच्या उजवीकडच्या वाटेत गोधडी घातली आणि तो तिथे, टेबलाच्या पायाला हात लावून, पणजी येईपर्यंत गाढ झोपला. सात महिने मी “मुले बसायची कुठे” म्हणून भांडले होते, त्यातला सर्वांत धाकटा टेबलाने सोडलेल्या जागेत झोपला होता.

वाचक-भगिनींना, विशेषतः माझ्या वयाच्या, एक सांगावेसे वाटते. मुले दूर गेलेल्या कितीतरी घरांत आजही सहा खुर्च्यांचे टेबल स्वयंपाकघराची वाट अडवून बसलेले असते आणि त्याच्या कोपऱ्याला वळसा घालताना पासष्टीची माणसे रोज कंबर सांभाळतात. ते काढाच, असे मी म्हणत नाही. पण एखादे खोके फाडून पुठ्ठा मांडून पाहावा आणि आठवडाभर हातात पातेले घेऊन वावरावे. वर्षातून एकदा येणाऱ्यांची मोजदाद न करता रोज जेवणाऱ्यांची करावी; आणि येणाऱ्यांसाठी एक बिजागरीची फळी ठेवावी. नवे टेबल हलके असले तरी पायांत पक्के असावे, कारण उतारवयात आपण त्याला धरूनच उठतो.

आमची ती फळी गेल्या दोन वर्षांत चारदा उचलली गेली. एकदा जाऊबाईंसाठी! होडी काठाला लावून, दोघांनी हात देऊन त्यांना आत घेतले, तेव्हा. त्या बसल्या, कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “लाकूड तेच ना?” मी म्हणाले, “तेच.” मग आम्ही चहा घेतला.